रकान्यामागचा रकाना

ऑनलाइन अर्जातल्या प्रत्येक रकान्याला दोन बाजू असतात. एक पडद्यावर दिसते: चौकट, तिच्या वर किंवा डावीकडे लिहिलेले नाव, शेजारी लाल तारा. दुसरी पानाच्या एचटीएमएलमध्ये असते: रकान्याचा प्रकार, सर्व्हरकडे जाताना त्याला मिळणारे नाव, किती अक्षरे चालतील, कोणता मजकूर नाकारला जाईल, आधी काय भरल्याशिवाय हा उघडणार नाही. माणूस पहिली बाजू पाहून अर्ज भरतो. दुसरीशी त्याची गाठ काही अडल्यावरच पडते. माणसाच्या वतीने ब्राउझर चालवणाऱ्या एआय एजंटला मात्र दुसरी बाजू आधी वाचावी लागते. हे वाचन, म्हणजे रकान्यांची तपासणी, हाच या कामाचा मोठा भाग आहे. प्रत्यक्ष भरणे त्यामानाने थोडे.

धाराशिव जिल्ह्यात मांजरेकाठी वसलेल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी या कामाचे मोल लगेच कळते. सोयाबीनची पेरणी उरकली की जुलैमध्ये पीक विम्याचे अर्ज सुरू होतात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि त्याच्या हिश्श्याची उरलेली रक्कम राज्याने, अशी सोय होती. २०२५ च्या खरिपापासून ती थांबली आणि सोयाबीनसारख्या खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंतचा मूळ हिस्सा पुन्हा शेतकऱ्याकडे आला. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन माणसे सेवा केंद्रात येतात. केंद्र चालवणाऱ्याच्या बोटांत त्या अर्जाचे सगळे ज्ञान असते: कुठे थांबायचे, कोणता रकाना आधी भरला की दुसरा उघडतो, कुठे कळफलक इंग्रजीवर आणायचा. हे ज्ञान कुठेही लिहिलेले नसते. हंगामासाठी नवा मुलगा कामाला घेतला तर तोही ते पाहून पाहूनच शिकतो. एजंटकडून असे काम करून घ्यायचे तर ते ज्ञान कागदावर उतरवावे लागते, आणि उतरवण्याची रीत म्हणजे रकान्यांची तपासणी.

त्यासाठी वापरली जाणारी साधने मुळात चाचणीसाठी जन्मली. सेलेनियम २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी लिहायला घेतले. वेबसाइट नीट चालते का हे माणसाऐवजी प्रोग्रॅमने तपासावे, एवढाच हेतू होता. पुढे ब्राउझरला आज्ञा देण्याची पद्धत वेबड्रायव्हर या नावाने २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेचे अधिकृत मानक झाली. गूगलचे पपेटिअर २०१७ चे, मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० चे. ही साधने चालवणाऱ्या परीक्षकाला अर्ज ठाऊक असे, बहुधा त्याच्याच कंपनीने तो बनवलेला असे. भाषा-मॉडेल ब्राउझर चालवू लागल्यावर परिस्थिती पालटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने पडद्याचे चित्र पाहून संगणक हाताळणारी सोय आणली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉडेल आणि साधने जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आला, जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयचा ऑपरेटर आला आणि काही महिन्यांतच प्लेराइटही त्या प्रोटोकॉलमधून एजंटच्या हाती पडले. आता अर्जासमोर बसणारा तो अर्ज पहिल्यांदाच पाहत असतो.

एजंटला पान दोन प्रकारे दाखवता येते. एक, पडद्याचे छायाचित्र. त्यात मांडणी कळते, पण रकाना सक्तीचा आहे की नाही, यादीत दडलेले पर्याय कोणते, यातले काही नक्की कळत नाही. दोन, पानाची रचना. संपूर्ण एचटीएमएल देणे सहसा निरुपयोगी असते. त्यात सजावट आणि स्क्रिप्टचा एवढा भरणा असतो की कामाचे त्यात बुडून जाते. म्हणून ब्राउझर अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी जो सुलभता-वृक्ष तयार ठेवतो, तोच एजंटला दिला जातो. त्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि स्थिती एवढेच असते: मजकूर-रकाना, नाव ‘खाते क्रमांक’, सक्तीचा, रिकामा. प्लेराइटचे एजंटसाठीचे साधन अशा प्रत्येक घटकाला एक तात्पुरती खूण देते आणि एजंट त्या खुणेने बोलतो. अर्जाच्या कामात रचना आधी आणि छायाचित्र नंतर पडताळ्यासाठी, हा क्रम सर्वांत भरवशाचा ठरतो.

यातून एक गोष्ट लक्षात येते, आणि अर्ज बनवणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी अशी आहे. अंध माणसाला जो अर्ज नीट ऐकू येतो, तोच एजंटला नीट वाचता येतो. एचटीएमएलमध्ये लेबल त्याच्या रकान्याशी आयडीने बांधण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. तरीही ‘गट क्रमांक’ हे शब्द एका डब्यात आणि चौकट दुसऱ्या डब्यात, दोघांत कसलाच धागा नाही, असे अर्ज सर्रास आढळतात. डोळ्यांना ते जवळजवळ दिसतात म्हणून कुणाला काही वाटत नाही. सुलभता-वृक्षात मात्र तो रकाना निनावी उतरतो. मग एजंटला प्लेसहोल्डर, म्हणजे चौकटीतला फिकट नमुना-मजकूर, पाहावा लागतो, जो टाइप करताच नाहीसा होतो. किंवा रकान्याचे अंतर्गत नाव पाहावे लागते, जे बऱ्याचदा ‘टेक्स्टबॉक्स ७’ अशा वळणाचे असते. किंवा छायाचित्रावरून अंतर मोजून अंदाज करावा लागतो. तपासणीच्या नोंदीत अशा अंदाजाने जोडलेल्या नावापुढे तसे स्पष्ट लिहावे लागते. लेबलवरून नक्की झालेले नाव आणि अंदाजाचे नाव एकाच पंक्तीत बसले, की पुढची चूक शोधणे अवघड होते.

मराठी लेबलांचा एक स्वतंत्र प्रश्न आहे आणि इंग्रजी अर्जांवर घडलेल्या साधनांना तो पुष्कळदा माहीत नसतो. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द पडद्यावर अगदी एकसारखे दिसत असूनही आत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असू शकतात. त्यातला अर्धा र एका पद्धतीत ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने लिहिला जातो, दुसरीत साधा र आणि खाली नुक्ता असे दोन संकेत येतात, तिसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही. ‘ॲ’ची गतही तीच: २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर आणि अ वर चंद्र चढवून केलेले अक्षर ही युनिकोडच्या लेखी दोन निराळी. लेबलच्या मजकुरावरून रकाना शोधायला सांगितले तर साधन ‘असा रकाना पानावर नाही’ असे सांगते आणि समोर तर तो दिसत असतो. उपाय असा की नोंद घेताना लेबल पानावरूनच जसेच्या तसे उचलायचे, आपल्या कळफलकावर पुन्हा टाइप करायचे नाही, आणि तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एका रूपात आणून न दिसणारी चिन्हे काढून टाकायची.

अंकांचेही तसेच. मराठी कळफलकावरून ‘४१३५०७’ हा कळंबचा पिनकोड टाइप केला आणि रकाना ‘नंबर’ या प्रकारचा असला, तर देवनागरी अंक त्याला संख्या वाटतच नाहीत आणि तो रिकामा राहतो. रकाना साध्या मजकुराचा असून त्यावर नमुन्याची अट असली, तरी त्या अटीतली अंकांची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. सातबाऱ्यावरचे आकडे देवनागरीतही असू शकतात. त्यामुळे कागदावरून वाचणाऱ्या एजंटने आकडे बदलून घ्यायचे की तसेच ठेवायचे, हे रकान्यागणिक ठरते आणि तपासणीच्या नोंदीत ते प्रत्येक रकान्यापुढे असावे लागते. गट क्रमांकाला तर पोटहिस्सा असतो, तिरकी रेघ असते, कधी ‘अ’ किंवा ‘ब’ असते. त्या रकान्यात निव्वळ अंक चालतात, रेघ चालते की पोटहिस्सा वेगळ्या यादीतून निवडायचा, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

पर्यायांच्या यादीत, ज्याला केंद्रात सगळे ड्रॉपडाउन म्हणतात, प्रत्येक पर्यायाच्या तीन ओळखी असतात: यादीतला त्याचा अनुक्रम, दिसणारे नाव आणि सर्व्हरकडे जाणारे मूल्य. यातली कोणती धरायची याचा निर्णय धाराशिव जिल्ह्यानेच एकदा करून दिला. १५ सप्टेंबर २०२३ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद नाशिक आणि नंदुरबारच्या खाली, ओ अक्षरापाशी असे. धाराशिव डी अक्षराखाली धुळ्याच्या शेजारी गेले. अनुक्रमावर बेतलेली स्क्रिप्ट अशा यादीत कुठलीही तक्रार न करता दुसराच जिल्हा निवडते, आणि म्हणूनच अनुक्रम ही सर्वांत घातक ओळख. नाव धरणारी स्क्रिप्ट निदान अडून थांबते, पण नवे नाव सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही. एका पानावर धाराशिव, दुसऱ्यावर उस्मानाबाद असा काळ जातोच. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव प्रत्येकाला संकेतांक असतो. यादीमागचे मूल्य तो संकेतांक असेल, तर नाव बदलले तरी जिल्ह्याची ओळख टिकते. तपासणीत तिन्ही ओळखी उतरवाव्या, मूल्यावर भरवसा ठेवावा आणि निवड झाल्यावर दिसणारे नाव पुन्हा वाचून खात्री करावी.

कळंबला याची गरज आणखी एका कारणाने आहे. यवतमाळ जिल्ह्यातही कळंब नावाचा तालुका आहे. जिल्हा निवडल्यावरच तालुक्याची यादी उघडत असेल तर गोंधळ होत नाही. पण टाइप करू लागताच नावे सुचवणाऱ्या एकेरी शोध-रकान्यात दोन्ही कळंब येतात आणि पहिल्या सूचनेवर टिचकी मारणारा एजंट मांजरेकाठचे शेत विदर्भात नेऊन ठेवू शकतो. रोमन लिपीत तर धाराशिवच्या कळंबचे जुने ‘कल्लम’ हे रूप अजूनही टपालात आणि कागदपत्रांत आढळते. तालुक्याच्या आत येरमाळा, शिराढोण, मोहा, ईटकूर, गोविंदपूर अशी महसूल मंडळे, त्यांत गावे, आणि गावांत खुर्द-बुद्रुकच्या जोड्या. विम्यात मंडळाला विशेष महत्त्व आहे, कारण प्रमुख पिकांची नुकसानभरपाई सहसा मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. इथे चुकीचा पर्याय निवडला गेला तर ती नुसती टंकनदोषाची बाब राहत नाही. शेतकऱ्याचा पुढचा सगळा हिशेब चुकीच्या मंडळाशी बांधला जातो.

या याद्या एकमेकींवर अवलंबून असतात. जिल्हा निवडला की पान सर्व्हरला विचारते आणि तालुक्यांची यादी आणते. तोवर तालुक्याचा रकाना रिकामा किंवा बंद असतो. शेवटच्या दिवसांत गर्दी वाढली की हे उत्तर यायला वेळ लागतो. ठरावीक सेकंद थांबायचे असे लिहून ठेवलेली स्क्रिप्ट सकाळी चालते आणि दुपारी कोलमडते. योग्य रीत म्हणजे स्थितीची वाट पाहणे: यादीत ‘निवडा’ या ओळीखेरीज पर्याय आले का, जुन्या जिल्ह्याचे पर्याय जाऊन नव्याचे आले का. दुसरा प्रश्न लोकांना सुचत नाही, आणि जिल्हा एकदा बदलून पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून तपासणी म्हणजे पानाकडे एकदा पाहणे एवढेच पुरत नाही. एकेक रकाना हलवून बाकीच्यांत काय फरक पडतो ते टिपावे लागते.

काही याद्या तर यादी नसतातच. दिसायला ड्रॉपडाउन, आत साधे डबे आणि स्क्रिप्ट. तिथे पर्याय निवडण्याची नेहमीची आज्ञा लागू पडत नाही, टिचकी मारून उघडायचे आणि उघडल्यावर पुन्हा वाचायचे. तारखेचे रकानेही फसवतात. ब्राउझरचा स्वतःचा तारीख-रकाना बहुधा दिवस-महिना-वर्ष असे दाखवतो, पण आत नेहमी वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवतो. दिनदर्शिका जोडलेला रकाना बऱ्याचदा ‘फक्त वाचण्यासाठी’ असतो. पेरणीची तारीख तिथे टाइप करता येत नाही, दिनदर्शिकेतूनच निवडावी लागते.

मूल्य बसवणे आणि टाइप करणे यांतला फरकही इथेच कळतो. स्क्रिप्टने रकान्यात थेट मूल्य ठेवले तर चौकटीत ते दिसते, पण पानाला काही भरल्याची वार्ता जात नाही. आधुनिक पाने ‘इनपुट’ आणि ‘चेंज’ या घटनांवर चालतात. काही शासकीय अर्जांत इंग्रजीत नाव लिहून पुढच्या रकान्यात गेले की मराठी नाव आपोआप उमटते. ती घटना घडली नाही तर मराठी रकाना कोरा राहतो. थेट बसवलेल्या मजकुराला अक्षरमर्यादाही आडवी येत नाही, मग जास्तीचा अंक थेट सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथून नकार येतो. प्लेराइटची भरण्याची आज्ञा रकाना दिसतो का, चालू आहे का, लिहिता येतो का हे तपासते आणि इनपुटची घटनाही घडवते; पण कळ दाबल्यावरच जागे होणारे जे रकाने असतात, त्यांत एकेक अक्षर टाइप करावे लागते. प्रत्येक वेळी भरून झाल्यावर रकान्यातले मूल्य परत वाचून मूळ कागदाशी जुळवणे ही सवय एजंटलाही लावावी लागते.

काही नियम अर्जात लिहिलेले नसतात, पण आकड्यांच्या घडणीत असतात आणि ते तपासणाऱ्याला ठाऊक असले तर चूक सर्व्हरपर्यंत जात नाही. आधार क्रमांकाचे बारा अंक. पहिला कधीच शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हरहॉफ पद्धतीने निघतो. छायाप्रतीवरून वाचताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही पद्धत ते नक्की पकडते. बँकेच्या आयएफएससीची अकरा अक्षरे: पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. त्या पाचव्या जागी ओ अक्षर वाचले जाणे ही माणसाची आणि यंत्राची सारखीच नित्याची चूक.

क्षेत्राचा रकाना मात्र सर्वांत जास्त काळजी मागतो. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये. ‘दोन एकर दहा गुंठे’ म्हणजे नव्वद गुंठे, सव्वादोन एकर, अंदाजे ०.९१ हेक्टर. ऐकलेले तसेच २.१० म्हणून टाकले तर क्षेत्र दुपटीहून अधिक होते, आणि रकाना ते विनातक्रार घेतो, कारण त्याला फक्त दशांश चिन्ह आणि दोन स्थळे दिसतात. हेक्टर आणि आर एकाच रकान्यात लिहायचे असतील तर पाच आर म्हणजे ०.०५, ०.५ नव्हे, हेही पक्के असावे लागते. जादा क्षेत्राचा विमा ही साधी चूक आहे की लबाडी, हे नंतर कागदावरून ठरवणाऱ्याला शेतकऱ्याची बाजू दिसत नसते. म्हणून हा आकडा एजंटने बोलण्यावरून घेऊ नये; सातबाऱ्यावरूनच घ्यावा आणि माणसाला दाखवावा.

पानावर न दिसणारे रकानेही असतात. काहींत सुरक्षिततेची खूण असते. तिला हात लावला की अर्ज नाकारला जातो. काही मुद्दाम लपवलेले सापळे असतात: माणसाला ते दिसतच नाहीत, त्यामुळे ते भरणारे यंत्रच असणार असे सर्व्हर समजतो. नुसत्या एचटीएमएलवर चालणारा एजंट यात अडकतो, सुलभता-वृक्षावर चालणारा बहुधा वाचतो. याहून गंभीर प्रकार म्हणजे पानात लपवलेला मजकूर एजंटलाच आज्ञा देतो. पानावर जे लिहिले आहे ती माहिती समजायची, हुकूम नव्हे, ही मर्यादा साधनाच्या रचनेतच असावी लागते. एजंटच्या समंजसपणावर ती सोडता येत नाही.

तपासणीतून हाती येतो तो रकान्यांचा नकाशा: लेबल, अंतर्गत नाव, प्रकार, सक्ती, अटी, पर्याय आणि त्यांची मूल्ये, कशावर अवलंबून, कोणत्या कागदावरून भरायचे. हा नकाशा तयार करताना कुणाचेही खरे आधार किंवा खाते लागत नाही आणि वापरूही नये. शेतकऱ्याची माहिती भरण्याच्या वेळीच, त्याच्या संमतीने यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमतीचाच आहे. नकाशा जुना होतो. हंगाम बदलला की अर्जात रकाना वाढतो, एखादा सक्तीचा होतो. शेतकरी ओळख क्रमांक हा असाच अलीकडे आलेला. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने तपासणी करून मागच्या नकाशाशी ताडून पाहणे, आणि फरक आढळेल तिथे एजंटला थांबवून माणसाला बोलावणे, हे कामाचे वेळापत्रकच आहे.

कॅप्चा, ओटीपी आणि शेवटचे घोषणापत्र हे रकाने नकाशात ‘माणसाचे’ म्हणून नोंदवले जातात. पहिला रकाना समोर माणूसच आहे याची खात्री करायला, दुसरा तो हाच माणूस आहे हे पाहायला, तिसरा जबाबदारी घ्यायला ठेवलेला आहे. त्यांना वळसा घालणारा एजंट कामाचा नाही. सगळे रकाने भरून, परत वाचून, कागदाशेजारी मांडून एजंटने ‘सादर करा’ या बटणाआधी थांबावे. केंद्रातल्या माणसाने गाव, मंडळ, पीक, क्षेत्र आणि खाते क्रमांक शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याने होकार दिल्यावर बटण दाबावे. नंतर येणाऱ्या पावतीचीही तपासणी त्याच नकाशावरून होते: पावतीवरचा प्रत्येक मजकूर कोणत्या रकान्यातून आला हे माहीत असल्याने, सर्व्हरने काय नोंदवून घेतले ते एकेक ओळ जुळवून पाहता येते, आणि काही वेगळे आढळले तर मुदत संपण्याआधी दुरुस्तीचा अर्ज करता येतो.